महाविद्यालयाची जागा आणि बसचा मार्ग एकत्र ठरावेत

सन्माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

शहराचा मध्यभाग ओस पडू लागला की पहिली मागणी होते ती रस्ते रुंद करण्याची आणि वाहनतळ वाढवण्याची. त्यामागोमाग फरसबंदी, दिवे आणि कारंजी येतात. या खर्चाने जागा देखणी होते, पण तेथे रोज येण्याचे कारण निर्माण होत नाही. असे कारण शिक्षणसंस्था देऊ शकतात, आणि त्यासाठी येणाऱ्यांना मोटारीविना आणून सोडू शकते ती सार्वजनिक वाहतूक. म्हणूनच या दोहोंचे निर्णय एकत्र व्हावेत, ही मागणी मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

बहुतेक ठिकाणी घडते ते याच्या उलट. जुन्या इमारतीत जागा अपुरी पडू लागते, शहराबाहेर मोठा भूखंड स्वस्तात मिळतो आणि महाविद्यालय तिकडे हलते. संस्थेच्या हिशेबात हा व्यवहार फायद्याचा दिसतो, कारण जमिनीची बचत तिच्या खात्यात जमा होते. नवा मार्ग चालवण्याचा भार मात्र वाहतूक यंत्रणेवर, लांबलेल्या प्रवासाचा विद्यार्थ्यांवर आणि तुटलेल्या गिऱ्हाइकीचा मध्यभागातील दुकानदारांवर पडतो. शहराबाहेरच्या परिसराची बस सकाळी जाताना भरलेली आणि परतताना जवळजवळ रिकामी असते, संध्याकाळी त्याच्या उलट. संस्था मध्यभागी असेल तर चारी दिशांचे मार्ग तेथे मुळातच येऊन मिळतात. वर्ग कार्यालयांच्या वेळेपेक्षा निराळ्या वेळी भरत आणि सुटत असल्यामुळे दुपारच्या फेऱ्यांनाही प्रवासी मिळतात, फेऱ्या टिकतात, आणि त्या टिकल्याचा लाभ दवाखान्यात निघालेल्या वृद्धांपासून पाळीवर जाणाऱ्या कामगारांपर्यंत सर्वांना होतो.

नेदरलँड्समधील उत्रेख्त या शहराचा अनुभव येथे लक्षात घेण्याजोगा आहे. तेथील विद्यापीठाचा मोठा भाग १९६०च्या दशकापासून शहराबाहेरच्या परिसरात उभा राहिला. मध्यवर्ती रेल्वेस्थानकावरून तिकडे जाणाऱ्या बसला इतकी गर्दी होऊ लागली की दोन जोड असलेल्या लांबलचक गाड्या वापराव्या लागल्या, आणि अखेर डिसेंबर २०१९मध्ये ट्राम सुरू झाली. संस्था आधी हलवायची आणि वाहतूक मागाहून तिच्यापर्यंत न्यायची, या क्रमाची किंमत किती काळ मोजावी लागते ते यावरून दिसते. त्या विद्यापीठाने मानव्यविद्या आणि कायदा हे विभाग जुन्या शहरातच ठेवले, हा निर्णय मला शहाणपणाचा वाटतो.

फ्रान्समधील स्ट्रासबूर्गने मध्यवर्ती चौकातील मोटारींची वाहतूक बंद करून १९९४मध्ये ट्राम आणली. मोटारी थांबल्या तर धंदा बसेल, ही भीती व्यापाऱ्यांनी तेव्हा बोलून दाखवली होती, आणि ती समजण्यासारखी होती. २०००मध्ये ट्राम विद्यापीठाच्या परिसरालाही जोडली गेली, त्यामुळे वर्ग आणि बाजारपेठ एकाच जाळ्यावर आले. डेन्मार्कमधील ओऱ्हूसने तर २०१५मध्ये बंदराच्या काठी, शहराच्या मध्याला लागून भव्य सार्वजनिक ग्रंथालय उघडले. त्याच इमारतीत नागरिक सेवा केंद्र आहे आणि २०१७पासून धावणाऱ्या हलक्या रेल्वेचा थांबाही तेथेच आहे. इमारतीखाली सुमारे एक हजार मोटारींचे यांत्रिक वाहनतळही बांधले आहे. ते बांधायला नको होते असे माझे मत आहे, तरी ग्रंथालय आणि थांबा एकाच जागी आणण्याची दृष्टी अनुकरणीय आहे.

ग्रंथालयाचा उल्लेख मी मुद्दाम करतो. केवळ महाविद्यालयांवर विसंबलेला मध्यभाग सुट्टीत सुना पडतो आणि आसपासच्या खोल्यांची भाडी वाढतात. ग्रंथालय, अभ्यासिका, प्रौढांसाठी संध्याकाळचे वर्ग आणि कौशल्य प्रशिक्षण केंद्र जोडीला असले, तर सर्व वयाचे लोक वर्षभर येत राहतात. मोठी जमीन लागणाऱ्या शेतकी किंवा अभियांत्रिकी प्रयोगशाळा बाहेर गेल्या तर माझी हरकत नाही.

इमारत उभी करणे हा मात्र अर्धाच खर्च आहे. ब्रिटनमधील बर्मिंगहॅमचे मध्यवर्ती ग्रंथालय २०१३मध्ये सुमारे १८ कोटी ८८ लाख पौंड खर्चून उघडले, आणि २०१५मध्ये निधीअभावी त्याची साप्ताहिक वेळ ७३ तासांवरून ४० तासांवर आणावी लागली. बांधकामाला पैसा मिळतो, पगाराला आणि देखभालीला मिळत नाही. बसचेही तेच होते. नव्या गाड्यांच्या उद्घाटनाचा सोहळा होतो, आणि काही काळाने रात्रीची फेरी गुपचूप बंद पडते. संध्याकाळचा वर्ग सुटण्याआधीच शेवटची बस निघून जात असेल, तर त्या वर्गाला दूरवरून येणारी नोकरदार स्त्री नाव नोंदवणार नाही, आणि वर्ग पुरेशा नोंदणीअभावी बंद केल्याचे कागदावर लिहिले जाईल.

यासाठी माझी सूचना अशी आहे की, कोणत्याही शिक्षणसंस्थेच्या किंवा ग्रंथालयाच्या जागेचा प्रस्ताव मंजुरीसाठी येताना त्यात दोन गोष्टी लेखी देणे बंधनकारक करावे: मुख्य बस किंवा रेल्वे थांब्यापासूनचे पायी अंतर, आणि शेवटचा वर्ग सुटल्यावर प्रत्येक दिशेला जाणाऱ्या शेवटच्या गाडीची वेळ. त्या प्रस्तावावर वाहतूक यंत्रणेची सही असावी आणि फेऱ्या चालवण्यासाठी किमान दहा वर्षांच्या निधीची तरतूद त्यातच नमूद असावी. अशी सही नसलेला प्रस्ताव सभागृहाने चर्चेलाच घेऊ नये.

आपला,
एक वाचक