चेतापेशींतली ‘बिनकामाची’ प्रथिने

स्मृतिभ्रंशावरील लेख वाचला. ‘प्रौढ चेतापेशी विभागत नाहीत, म्हणून विभाजनाची प्रथिने तिथे बिनकामाची’ हे वाक्य खटकले. (वर्गात मीही वर्षानुवर्षे हेच सांगत आलो, ते सोडा.) सीडीके-५ हे प्रथिन घ्या; इतर प्रथिनांवर फॉस्फेट चढवणे हे त्याचे काम. घराणे पेशीविभाजन घडवणाऱ्यांचे, पण चेतापेशीत याचा जोडीदार सायक्लिन (त्या घराण्याला चालू करणारे नेहमीचे प्रथिन) नव्हे, तर पी-३५ हे दुसरेच प्रथिन. ही जोडी चेतापेशींमधल्या जोडण्या सांभाळते. पी-३५ची काटछाट होऊन पी-२५ उरले, की सीडीके-५ला लगाम राहत नाही. ते चेतापेशीचा सांगाडा सावरणाऱ्या टाऊ प्रथिनावर फॉस्फेट चढवत सुटते. अल्झायमरच्या रुग्णांच्या मेंदूत दिसणारे गुंते याच टाऊचे. त्या आजारात काही चेतापेशी, विभाजनापूर्वी होते तशी, चक्क डीएनएची नक्कल करून बसतात. विभाजन मात्र होत नाही. असल्या प्रथिनांना निरुपयोगी सामानाची अडगळ कसे म्हणायचे?

– एक निवृत्त जीवशास्त्र शिक्षक, सातारा