डावा ट्वीटर बंद आहे, माझे कान नाहीत

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: वॉरंटीतील स्टिरिओच्या डाव्या स्पीकरमधून तबल्याचा आवाज बद्द येणे

आज सकाळी तुमच्या केंद्राला सहावा फोन केला. तेवीस मिनिटांनी तो तुमच्याच बाजूने कापला गेला, म्हणून हे लेखी.

पाच महिन्यांपूर्वी ४६,५०० रुपयांना ही जोडी घेतली. महिन्याभरापासून डाव्या स्पीकरमधला तबला पावसाळ्यात पुडी (वरचं कातडं) ओलसर व्हावी तसा वाजतो. डग्गा घुमतो, पण चाटेवरचा (पुडीच्या काठावरचा) 'ना' गायब आणि 'तिरकिट' म्हणजे गादीवर बोटं आपटल्यासारखं. ब्लूटूथवर तेच, सीडीवरही तेच. लाल-काळ्या तारा तपासल्या. डावी-उजवी तार अदलाबदल केली, तरी दोष त्याच स्पीकरमध्ये राहिला. शेवटी वरची-खालची टर्मिनलं जोडणाऱ्या मागच्या पितळी पट्ट्या काढून फक्त वरच्या, म्हणजे ट्वीटरच्या (बारीक आवाज काढणाऱ्या छोट्या स्पीकरच्या) टर्मिनलला तार जोडली. उजव्यातून बारीक टिचटिच आली, डाव्यातून काहीच नाही. म्हणजे ट्वीटर तरी गेला आहे किंवा क्रॉसओव्हर (जाड-बारीक आवाज वेगळे करणारं सर्किट). वस्तू तुम्ही बनवता, तेव्हा याहून जास्त समजावत नाही.

तुमचं केंद्र मात्र प्रत्येक वेळी 'बेस कमी करा, रीसेट करा' म्हणतं. चार वेळा रीसेट केला.

आज फोनवरच्या बाईंशी झालेलं संभाषण मुद्दाम सविस्तर देतो.

"सर, वय काय तुमचं?"

मला वाटलं फॉर्मात भरायचं असेल. सांगितलं, त्रेसष्ट.

"मग बरोबर आहे. या वयात बारीक आवाज ऐकू येत नाहीत. एकदा कान तपासून घ्या ना."

"मग उजव्या स्पीकरमधून कसे ऐकू येतात?"

थोडा वेळ शांतता. मग, "तुमचा उजवा कान चांगला असेल, सर."

फोन कापला गेल्यावर मी खुर्ची फिरवून स्पीकरकडे पाठ करून बसलो. बद्द आवाज त्याच स्पीकरमधून. माझा बहिरेपणा भिंतीपाशी स्टँडवर उभा आहे, असंच म्हणायचं का? चाळीस वर्षं तबला वाजवतो. मिरजेत राहतो, सतारमेकर गल्लीत दोऱ्याएवढ्या फरकासाठी जवारीवर (घोडीचा पृष्ठभाग घासून नाद जुळवण्यावर) तासन्‌तास घालवणारे कारागीर आहेत. त्याच बाईंनी वर ऐकवलं, "तबला म्हणजे बेसच ना?" पुडीवरच्या काळ्या शाईमुळे तबल्यात सुरेल उपस्वर (मूळ स्वराच्या वरचे बारीक स्वर) येतात, हे सी. व्ही. रामन यांनी १९२० सालीच मांडलं. तुमच्या केंद्राला कळवायचं राहून गेलेलं दिसतं.

आधी एक तंत्रज्ञ येऊन गेला होता. त्याने स्वतःच्या मोबाइलवरचं धडधडतं गाणं लावलं, "जबरदस्त वाजतंय काका" म्हणाला आणि गेला. पुढची जाळीसुद्धा काढली नाही. संध्याकाळी मेसेज आला: तक्रार बंद, ग्राहक समाधानी. कोण समाधानी? मला कुणी विचारलं?

वडिलांच्या काळापासून घरात तुमचाच रेडिओ होता, म्हणून दुकानदार दुसरं दाखवत असताना तुमचं घेतलं. त्याचं आता वाईट वाटतं.

आठ दिवसांत डावा स्पीकर बदलून द्या. नाहीतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार आणि मग जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही आणि मी निवृत्त आहे, वेळ भरपूर आहे. आणि ते 'समाधानी' आधी खोडा.

बिलाची प्रत जोडली आहे. बुधवारी दिवसभर घरी आहे. येणाऱ्याला स्क्रूड्रायव्हर घेऊन यायला सांगा. मागच्याने रिमोटचं झाकण उघडायला माझा घेतला होता, तो अजून परत आलेला नाही.

आपला,
(तुमच्या नोंदीनुसार समाधानी) ग्राहक, मिरज