अक्का, कडेला बसवून घेतल्याबद्दल

प्रिय अक्का,
सा. न.

हे पत्र तुमच्या हातात न देता असं चारचौघांत लिहिते आहे, कारण तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही "सुई ओव आधी" म्हणून विषय संपवता. नातीला फोनवरून वाचून दाखवायला सांगा. आणि दुसऱ्या कुणाच्या घरी माझ्यासारखी दार लावून बसलेली आई किंवा सासू असेल, तर त्यांनीही हे वाचावं असं मला मनापासून वाटतं.

हे गेल्यानंतर माझ्याकडे माणसं येत नव्हती असं नाही. येत होती. चहा घेत, "वेळ जातो का तुमचा?" असं विचारत आणि जाताना काळजी घ्यायला सांगत. मुलगा पुण्याहून रोज फोन करी. सगळे मायेचे होते, पण माझ्याकडून कुणाला काहीच नको होतं. तुम्ही आलात त्या चौकशी करायला नव्हेच. दारातूनच म्हणालात, "काकू, वाकळंच्या एका कडेला माणूस कमी पडतंय. येतीस न्हवं?" चपला घालून मी निघाले ती अजून येतेच आहे.

देवळाच्या सभामंडपात तुम्ही काय उभं केलंय, ते न पाहिलेल्यांसाठी सांगते. वाकळ म्हणजे जुन्या कापडांची जाड गोधडी. खाली जुनं लुगडं अंथरायचं. त्यावर धोतरं, साड्या, पोरांचे सुती कपडे यांचे थर, एकही सुरकुती न ठेवता. वर ठिगळांची मांडणी. मग चार बाजूंना चौघी बसतात आणि कडेपासून धावदोरा घालत आत सरकत जातात. ज्यांचे गुडघे वाकत नाहीत त्यांच्यासाठी तुम्ही शाळेतली दोन जुनी बाकं मागून आणलीत आणि वाकळ त्यांवर पसरलीत. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्यांना सुई ओवता येत नाही, म्हणून शाळेतून येणाऱ्या मुली जाताजाता सुया ओवून सुयांच्या छोट्या गादीला टोचून ठेवतात. पोरींनाही त्यामुळे आमच्यात बसायची सवय लागली. हे सगळं तुम्ही कुणाला न विचारता जमवलंत, सरकारी योजना नाही की वर्गणी नाही.

मला सगळ्यात आवडतं ते असं, की वयाकडे बघून तुम्ही मोठा टाका चालवून घेत नाही. ऐंशीच्या बाईलाही उसवायला लावता. म्हातारं झाल्यावर आपल्या कामाला कुणी नावं ठेवत नाही, नुसतं "छान, छान" म्हणतात, आणि त्या कौतुकात माणूस हळूहळू बिनकामाचा होतो. तुम्ही टाका बघता, म्हणजे माझ्या हाताकडून तुम्हाला अजून काही अपेक्षा आहे. रंगही तुम्ही आम्हालाच ठरवायला लावता. मधल्या चौकात इरकलीचा लाल पदर घ्यायचा की गुळेदगुड्डचा हिरवा खण, यावर आमची मराठीत, कानडीत आणि चुलत्यांच्या घरच्या कोकणीतही जी वादावादी होते, ती ऐकून पुजारीबुवा बाहेर येतात. इतक्या तावातावानं मी गेल्या कित्येक वर्षांत कशावर बोलले नव्हते. रात्री झोपताना डोक्यात उद्याचं ठिगळ असतं.

खानापुरात तुमच्या माहेराकडच्या सिद्दी, म्हणजे मूळच्या आफ्रिकेतून आलेल्या समाजातल्या, बायकांची कवंदी, म्हणजे त्यांच्याकडची वाकळ, तुम्ही आम्हाला दाखवलीत तो दिवस तर मी विसरणार नाही. त्याही कडेपासूनच सुरुवात करून मध्याकडे जातात, आणि चारी कोपऱ्यांना कापडाची दुमडलेली त्रिकोणी फुलं लावतात. त्या फुलांना त्या बायका "फुला" म्हणतात. फुलाशिवाय कवंदी त्यांना उघडी वाटते. तेव्हापासून आमच्याही वाकळीच्या कोपऱ्यांना फुलं आली. पंचाहत्तरीच्या घरात नवं काही शिकायला मिळालं याचा आनंद कसा असतो, हे तरुणांना सांगून कळायचं नाही.

आता कानयंत्राचं. ते घेऊन कपाटात ठेवलं होतं. घरातले ओरडून बोलायचे, मी मान हलवायची, असं चाललं होतं. तुम्ही ओरडलाच नाहीत. "यंत्र घालून ये, नाहीतर गप्पा तुझ्या वाट्याला येणार न्हाईत," एवढंच म्हणालात. परवा लेकीनं मला वाचून दाखवलं की लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगानं 2024 च्या अहवालात स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणारी, पण ज्यांवर इलाज करता येतो अशी 14 कारणं दिली आहेत. त्यांत कमी ऐकू येणं आहे आणि माणसांपासून तुटणंही आहे. सगळ्या 14 कारणांवर काम झालं तर 45 टक्क्यांच्या आसपास रुग्णांचा आजार टळू किंवा लांबू शकेल, असा त्यांचा अंदाज. मला त्यातली दोन कारणं वेगळी वाटतच नाहीत. ऐकू येईना म्हणून मी बोलेना, आणि बोलेना म्हणून जाईना. तुम्ही दोन्ही गाठी एकदमच सोडवल्यात.

तिनंच आणखी एक सांगितलं. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात पन्नास आणि त्यापुढच्या 660 जणांना स्वतःच्या म्हातारपणाबद्दल काय वाटतं, हे विचारून ठेवलेलं होतं. येल विद्यापीठाच्या बेका लेवी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2002 मध्ये हिशेब मांडला, तर ज्यांना त्याबद्दल चांगलं वाटत होतं ती माणसं सरासरी साडेसात वर्षं जास्त जगली होती. वय, तब्येत, पैसा, एकटेपणा हे सगळं धरूनही फरक उरला. मला ते पटतं. पण चांगलं वाटणं कुठून येतं, यावर माझं स्वतःचं मत झालंय. "मन प्रसन्न ठेवा" असं मला पुष्कळांनी सांगितलं, पुस्तकंही आणून दिली. घरात एकटीनं बसून मन प्रसन्न होत नाही, अक्का. दुपारी तीनला आपली कड रिकामी दिसली तर कुणीतरी "काकू कुठंय?" म्हणून विचारणार आहे, एवढं पक्कं असलं की सकाळपासून अंगात हुरूप येतो. ते विचारणारं माणूस तुम्ही मला दिलंत.

गुडघे दुखायचे थांबलेले नाहीत, आणि ह्यांची आठवण दिवेलागणीला अजून येतेच. त्या वेळी तुम्ही समजूत घालत नाही, शेजारी सरकून टाके घालत राहता. त्याबद्दलही आभार.

मृग लागला की आपल्याकडं एवढी जाड वाकळ धुऊन वाळायची नाही, तेव्हा हाती घेतलेल्या दोन्ही त्याआधी धुवून व्हायला हव्यात. शहापूरच्या मामींकडून लुगड्यांचं गाठोडं आलंय, ते मी निवडून, फाटलेलं बाजूला काढून ठेवलंय. सोमवारी घेऊन येते. आणि मधल्या चौकात या खेपेला हिरवा खणच घ्यायचा, हे मी आत्ताच सांगून ठेवते.

तुमची,
टिळकवाडीची काकू