त्या अनोळखी काकूंचे आभार

परवा रात्री बसमधून उतरले तर एक माणूस मागे लागला. मी वळले की तोही वळायचा. शेवटी त्याने माझं मनगटच धरलं. एरवी एवढी बडबडी मी, पण तोंडातून आवाज फुटेना.

तेवढ्यात पलीकडून एक काकू ओरडल्या, "अगं, किती उशीर! कधीची थांबलेय!" ओळख ना पाळख. तो गडबडला. काकू पुन्हा ओरडल्या, "त्याच्या अंगठ्याच्या बाजूने हात ओढ!" मी झटका दिला, हात सुटला, तो पळाला. पकड अंगठ्यापाशीच कच्ची असते, हे त्यांनी नंतर सांगितलं.

माझे हात थरथरत होते म्हणून पिशवी स्वतःच्या खांद्यावर घेऊन त्या दारापर्यंत आल्या. नाव विचारायचंही सुचलं नाही. काकू, मनापासून आभार. तुमची पाण्याची बाटली माझ्याकडेच राहिलीय.