नऊ प्रश्नांची बेरीज म्हणजे निदान नव्हे

महोदय,
मोबाइलवर नऊ प्रश्नांची चाचणी भरायची आणि गुण पाहून 'डिप्रेशन' ठरवायचे, हे थांबायला हवे. तिथे 10 किंवा जास्त गुण म्हणजे पुढची तपासणी करा, एवढेच. निदानासाठी ठरलेल्या प्रश्नांची, ठरलेल्या क्रमाची मुलाखत असते. अशा मुलाखतींपैकी 'मिनी' ही छोटी साधारण 15 ते 20 मिनिटांत होते, 'स्किड' या सविस्तर मुलाखतीला बहुधा तासभर किंवा जास्त लागतो. नैराश्य म्हणायला 9 पैकी किमान 5 लक्षणे सलग दोन आठवडे हवीत, त्यात उदासपणा किंवा कशातच मन न लागणे यांपैकी एक हवेच. नुसत्या 'होय'वर खूण करू नये, उदाहरण विचारावे.

घाईत हमखास सुटतो तो उन्मादाचा, म्हणजे 'मॅनिया'चा (मनाच्या अवाजवी उसळीचा) प्रश्न: 'पूर्वी कधी सलग चार-पाच दिवस झोप कमी होऊनही अंगात जोर, बोलणं सुसाट, पैसा उधळणं असं झालं होतं का?' तो न विचारता नुसती नैराश्याची गोळी सुरू केली, तर उन्माद उसळू शकतो. थायरॉइड आणि दारूचीही चौकशी हवी. नातेवाइकांना थोडा वेळ बाहेर बसवावे. सासू शेजारी असताना सून आत्महत्येच्या विचारांबद्दल 'न्हाई' म्हणूनच मोकळी होते.

सीपीआर या सरकारी रुग्णालयासह शहरातल्या सर्व मानसोपचार बाह्यरुग्ण विभागांनी पहिल्या भेटीसाठी किमान अर्धा तास राखून ठेवावा.

– एक मानसोपचारतज्ज्ञ, कोल्हापूर