पोचिंकी आणि सोळाशे मीटर

परभणी,
रविवार, रात्री

प्रिय सुभेदार,

(पेन्शनीत निघालास तरी मी हेच म्हणणार.) तुझा लांबलचक व्हॉइस मेसेज ऐकला. फोनवर बोललो असतो तर भांडण झालं असतं, म्हणून लिहायलोय.

तुझं पोरगं रात्री एकपर्यंत बीजीएमआय (पबजीचाच भारतीय अवतार) खेळतं आणि सकाळी म्हणतं, मला फौजेत जायचंय. ज्या नोकरीत तू राजौरीच्या डोंगरात हाडं झिजवलीस, ती यानं मोबाइलमध्ये बघून पसंत केली, हा तुझा राग. वहिनी म्हणतात गेम काढून टाका, भूत आपोआप उतरेल. मला नाही पटत.

सप्टेंबर २०२० ला पबजीवर बंदी आली, आठव. कोरोनामुळं त्या काळात सैन्यभरतीही थांबलेली. ना गेम, ना भरती. तरी इथं कृषी विद्यापीठाच्या रस्त्यावर पोरं पहाटे पळतच होती. कितीकांची वयं पळता पळताच निघून गेली. म्हणून तर २०२२ ला अग्निपथ आलं तेव्हा त्या एका वर्षापुरती २१ ची मर्यादा २३ करावी लागली. त्या पोरांना कोणत्या गेमनं अंथरुणातून उठवलं होतं? दोन एकर कोरडवाहू, सोयाबीनचा भाव, आणि सोयरिकीत पहिला प्रश्न 'मुलगा काय करतो?' तू तरी दुसऱ्या कशासाठी गेलास? आपल्या वेळी गावात टीव्हीसुद्धा एकाच घरी होता.

अमेरिकेचं वेगळं. तिथली सक्तीची भरती १९७३ ला संपली, तेव्हापासून पोरांना राजी करूनच आणावं लागतं. म्हणून ४ जुलै २००२ ला खुद्द लष्करानं 'अमेरिकाज आर्मी' नावाचा गेम काढला, तोही फुकट. त्यांची हुशारी बघ. दोन्ही संघांतल्या प्रत्येकाला पडद्यावर आपण अमेरिकन सैनिकच दिसतो आणि समोरचा तेवढा शत्रू. शत्रू होऊन कुणी खेळतच नाही! आपल्याच माणसावर गोळी झाडली तर लेव्हनवर्थच्या तुरुंगात रवानगी. मेडिक व्हायचं तर आधी प्रथमोपचाराचा तास ऐकायचा. वीस वर्षं चालवून २०२२ ला त्यांनी तो बंद केला. आपल्याकडं जागा मूठभर आणि पोरं मैदानभर, इथं कुणाला आमिष दाखवायचं?

परिणाम होतच नाही असं मी म्हणत नाही. मागं आमच्या भरतीच्या अकॅडमीत एक पोरगा आला, बंदुकांची नावं तोंडपाठ. विचारतो, "सर, स्नायपर कधी देतेत?" म्हटलं, बाबा, आधी ऑनलाइन पेपर. मग साडेपाच मिनिटांच्या आत सोळाशे मीटर मारलं तर पूर्ण गुण, दहा बीम (पुल-अप्स), नऊ फुटी खड्ड्यावरून उडी, मग मेडिकल. एवढं करून अग्निवीर झालास तर चार वर्षं, आणि पुढं शंभरातले फार तर पंचवीस कायम. पोरगा म्हणाला, "गेममधल्या पोचिंकी गावात उतरणं सोपं होतं सर." आठवड्यात गेमची नशा उतरली, पळणं मात्र सोडलं नाही त्यानं. चिवट आहे.

खरी काळजी मला न पळणाऱ्यांची वाटते. मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूर चाललं होतं तेव्हा आमच्या चौकातली टपरी ऐकायला हवी होतीस. "आता थांबायचं नाही, पूर्ण मॅप क्लिअर करायचा." बोलणारा कोण, तर ज्याला भरतीचा फॉर्म कधी भरायचा नाही, भाऊबंदात फौजी नाही, असा. स्कोअर विचारल्यासारखं विचारत होता, किती उडवले. आणि त्याच सकाळी मैदानावर एका पोराचा थोरला भाऊ पूंछकडं होता, फोन लागत नव्हता. वॉर्मअपला कुणी तोंड उघडलं नाही. जाणाऱ्याला मैदान शुद्धीवर आणतं. घरी बसून लढाई मागणाऱ्याला कोण आणणार? त्याला मेलेला माणूस पुढच्या मॅचला परत उभा राहिलेलाच माहीत. आणि उद्या मत देणार तोही, चॅनेलवर ओरडणारही तोच.

तुला एक बोलतो, चिडू नको. तू घरात फौजेचं कधी काही सांगितलंस का? पदकं भिंतीवर टांगलीस, विषय संपला. पोरानं मग ती रिकामी जागा मिळेल त्यानं भरली. इन्सास चार किलोच्या वर असते आणि रात्रभर पहाऱ्यावर खांद्याला ती किती किलोची होते, हे त्याला तुझ्याकडून कळू दे. नामंजूर झालेल्या रजा सांग. बापाच्या दहाव्यालासुद्धा पोचला नव्हतास, ते सांग. ऐकून पोरगं मागं फिरलं तरी ठीक, नाही फिरलं तरी ठीक.

गेम काढून घेऊ नको, चोरून खेळेल. दिवाळीच्या सुट्टीत इकडं पाठव, पहाटे साडेचारला मी उठवतो. आणि त्याच्या बुटाचा नंबर कळव. अकॅडमीच्या पोरांचे बूट एकदम मागवणार आहोत, स्वस्तात पडतील.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
मास्तर