उंदीरमारी तोडली, पुढे काय?

महोदय,

पावसाळा लागला की साताऱ्यात अजिंक्यताऱ्याच्या उतारावर आणि यवतेश्वरच्या बाजूला रविवारी सकाळी श्रमदानाला मंडळी जमतात, घाणेरीच्या, म्हणजे लँटाना या परदेशी काटेरी झुडपाच्या, जाळ्या तोडतात, उंदीरमारीच्या फांद्या उतरवतात आणि मोकळ्या झालेल्या जागेत रोपे लावून घरी जातात. या मंडळींबद्दल पूर्ण आदर राखून एवढेच म्हणावेसे वाटते की तोडणी हा या कामातला सर्वांत सोपा भाग आहे, आणि आपली मेहनत, निधी व छायाचित्रे नेमकी त्यावरच संपतात.

उंदीरमारी, म्हणजे ग्लिरिसिडिया, मूळची मध्य अमेरिकेतली. उघडे डोंगर लवकर हिरवे दिसावेत म्हणून वनीकरणाच्या योजनांमधून ती महाराष्ट्रात सर्रास लावली गेली. गुडघ्याएवढ्या उंचीवर ती तोडली तर पहिल्याच पावसात खोडाला धुमाऱ्यांचा झुबका येतो, ओल्या मातीत पडलेली जाड फांदीही मूळ धरते आणि उन्हाळ्यात शेंगा तडकून बी लांबवर उडते ते वेगळेच. म्हणून ती बुंध्यालगत तोडावी लागते आणि पुढचे दोन-तीन पावसाळे फुटवे खुडत राहावे लागतात. तिचा पाला उत्तम हिरवळीचे खत आहे, तेव्हा तो डोंगरावर कुजत ठेवण्यापेक्षा जवळच्या शेतकऱ्यांना नेऊ द्यावा. बांधावर ती कामाचीच आहे.

घाणेरीचे तंत्र याहून निराळे आहे. नुसती वरून छाटली तर ती पूर्वीपेक्षा दाट होते. फळे धरण्यापूर्वी, जमीन ओली असताना, कुदळीने मातीखाली दोन-तीन इंचांवर मुळाचा गड्डा तोडून संपूर्ण झुडूप उलटे, मुळे वर करून ठेवायचे, म्हणजे ते पुन्हा रुजत नाही. दिल्ली विद्यापीठाच्या प्रा. सी. आर. बाबू यांनी रूढ केलेली ही पद्धत कष्टाची असली तरी खात्रीची आहे. घाणेरीच्या जाळीत हात घालून पाहिले तर भोकराची, बोराची, कडुनिंबाची कोवळी रोपे सापडतात. फळे खाऊन तिथे बसलेल्या बुलबुलांनी टाकलेले हे बी काट्यांच्या आडोशाने शेळ्यांपासून वाचलेले असते. जेसीबी लावून उतार साफ करण्याचा हट्ट जिथे होतो, तिथे हीच रोपे आधी चिरडली जातात आणि उकरलेल्या मातीवर पुढच्या पावसात गाजरगवत व रानमोडी माजते.

रोपे लावण्याची घाईही थोडी आवरावी. आपल्या डोंगरांवर धावडा, खैर, मोई, पळस यांची जुनी खोडे जमिनीखाली अजून जिवंत असतात, आणि त्यांना फुटायला खड्डे नव्हे, तर वणव्यापासून व चराईपासून चार वर्षांची सुटका हवी असते. जिथे माती पार उघडी पडली आहे तिथे लागवड अवश्य व्हावी, परंतु ती याच डोंगरांतून गोळा केलेल्या बियांच्या रोपांची असावी. (परदेशी झाडे काढून त्या जागी गुलमोहर, म्हणजे पुन्हा परदेशीच झाड, लावण्याचा उद्योगही महाराष्ट्रात झालेला आहे.)

अडचण परवानगीचीही आहे. शहराच्या हद्दीत झाड तोडायचे तर १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्याप्रमाणे वृक्ष प्राधिकरणाकडे जावे लागते, आणि वनजमिनीवर वनखात्याच्या संमतीशिवाय कुऱ्हाड लावता येत नाही. हे नियम योग्यच आहेत, मात्र एका रविवारपुरती मिळालेली संमती फुटवे खुडण्याच्या वेळी संपलेली असते. त्यामुळे वनखाते आणि नगरपालिका यांनी मिळून डोंगराचे लहान लहान पट्टे आखावेत, प्रत्येक पट्टा एकेका गटाकडे किमान पाच वर्षांसाठी लेखी करारावर द्यावा, कोणत्या जाती काढायच्या हे त्यातच नमूद करावे आणि वर्षातून एकदा वनरक्षकासमवेत पट्ट्याची पाहणी करावी. गावांसाठी संयुक्त वनव्यवस्थापन समित्या असतात, त्या धर्तीवर शहरालगतच्या डोंगरांसाठी काही उभे करता येईल.

निधीचा मोठा वाटाही रोपांच्या खरेदीऐवजी मजुरीवर आणि जाळरेषांवर, म्हणजे वणवा पुढे सरकू नये म्हणून गवत काढून मोकळ्या केलेल्या पट्ट्यांवर, पडावा. या रेषा जानेवारीअखेर काढून झाल्या पाहिजेत. फेब्रुवारीत गवत वाळले की एका विडीने वर्षभराचे काम जळते. यंदाच्या आराखड्यात यासाठी वेगळी तरतूद आहे का, हे संबंधित अधिकाऱ्यांनी आपल्याच वृत्तपत्रातून नागरिकांना कळवावे, ही विनंती.

आपला,
एक वाचक, सातारा